बया टेकरी

"थांबा, कादरभाई! बुडवू नका तो!"

सावळीराम दुकानाच्या पायरीवरूनच ओरडला. भद्रकालीतल्या त्या रद्दीच्या दुकानामागे लहानसं अंगण होतं. तिथे कादरभाई उकिडवे बसले होते. समोर पाण्याने भरलेलं घंगाळ आणि हातात घडी घातलेला एक मोठा पिवळट नकाशा. त्याचं एक टोक पाण्याला टेकलंसुद्धा होतं.

"काय झालं मास्तर? साप हाय का पाण्यात?"

"नकाशा भिजतोय!"

"भिजवायलाच घेतलाय." कादरभाई हसले. "कागद सुटला की खालचं कापड मोकळं होतं. हात लावून बघा. असलं कापड आता मिळत नाय."

कुणा इंजिनिअर साहेबाचा बंगला रिकामा झाला होता आणि तिथली रद्दी कादरभाईंकडे आली होती. तिच्यात मोजणी खात्याचे जुने नकाशे होते, टिकावेत म्हणून पातळ, चिवट कापडावर डकवलेले. काही आधीच धुऊन निघाले होते. त्यांचं पांढरं कापड दोरीवर वाळत होतं आणि कागदाचा लगदा घंगाळाच्या तळाशी बसला होता.

सावळीरामने हातातला नकाशा जवळजवळ हिसकूनच घेतला आणि जमिनीवर पसरला. गोदावरी, कादवा, निफाडची पेठ. अक्षरं इंग्रजी, पण नावं ओळखीची. आणि कादवेच्या काठाला, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, कोळथडी. तो जिथे शाळा चालवत होता तेच गाव. कोपऱ्यात मोजणीचं साल होतं: अठराशे एकोणऐंशी-ऐंशी. म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधीचं कोळथडी त्याच्या गुडघ्यापाशी पसरलं होतं.

"हा मला द्या."

"कसा देऊ? सकीनाने हे कापड नातवाच्या झबल्यांसाठी धरून ठेवलंय. घरात विचारा."

आतून सकीनाबींचा आवाज आला, "कागद घेऊन जा म्हणावं. कापड नाय मिळायचं."

सावळीरामने क्षणभर विचार केला. मग खांद्यावरचं उपरणं काढून कादरभाईंच्या हातात ठेवलं. नवं होतं, तलम होतं, गेल्या दिवाळीत सगुणाने हट्टाने घ्यायला लावलेलं. "कापडाला कापड," तो म्हणाला, आणि कादरभाई काही बोलण्याआधीच नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून रस्त्याला लागला. पौषातली थंडी होती. निफाडपर्यंत मोटारीत तो कुडकुडत बसला, पण नकाशा काही त्याने अंगाभोवती घेतला नाही.

सावळीरामला एका जागी बसवत नसे. लोकल बोर्डाच्या शाळांत तो मास्तर झाला त्याला पुष्कळ वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत त्याने बागलाण पाहिलं, देवळा पाहिलं, चांदवडच्या अंगची खेडी पाहिली. इतर मास्तर बदली टळावी म्हणून साहेबांचे उंबरठे झिजवत, हा बदली मिळावी म्हणून झिजवी. नव्या गावात पहिलं वर्ष तो खुशीत असे. मग गावातल्या सगळ्या वाटा पायाखालून गेल्या, सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून झाल्या की त्याच्या तळपायांची आग सुरू होई. वर्गात पाढे म्हणवून घेतानासुद्धा तो भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा. भांडणतंटा नसे, कुणी जा म्हणत नसे. तरी एक दिवस सगुणाला सामान बांधायला घ्यावं लागे.

कोळथडीला आल्यावर मात्र सगुणाने परसात शेवगा लावला होता. "ह्याच्या शेंगा मी इथंच खाणार," तिने बजावलं होतं. "आजवर लावलेल्या एकाही झाडाचं माझ्या तोंडात पडलेलं नाही. आळू लावला, निघालो. केळ लावली, निघालो. माझ्या केळीची केळी देवळ्यात कोण खातंय, देव जाणे."

उपरणं देऊन कागद आणला हे कळल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच तो नकाशा भिंतीवर खिळ्याला टांगला, कारण नवरा तो जमिनीवर पसरून तिच्या चुलीची वाट अडवत होता. आणि मनातून तिला बरंही वाटलं. गाव न सोडता फिरायची सोय झाली, तर तिला हवीच होती.

सोय झालीच. शाळा सुटली की सावळीराम नकाशा घेऊन बाहेर पडे. त्या नकाशातलं गाव आणि डोळ्यांसमोरचं गाव यांचा मेळ बसत नव्हता, आणि तो बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. कागदावर उत्तरेला एक गाडीवाट नदीपर्यंत गेली होती, तिथे आता पाटाच्या पाण्यावर ऊस डोलत होता. तो बांधाबांधाने फिरला. शेवटी उसाच्या टोकाला दगडी फरशीचा एक तुकडा सापडला, त्यावर चाकांनी पडलेल्या दोन खोल घळी. जिथे विहिरीची खूण होती तिथे नुसतं बाभळबन. हातातली काठी टोचत टोचत तो आत शिरला. एका पावलाला काठी एकदम कोपरापर्यंत खाली गेली आणि तो कसाबसा बाभळीच्या फांदीला लोंबकळून वाचला. घरी आला तेव्हा दोन्ही तळहात रक्तबंबाळ होते आणि चेहरा लग्नाच्या नवरदेवासारखा.

"विहीर आहे!" तो म्हणाला. "अजून तिथंच आहे!"

"दिसतंय," सगुणा हळद शोधत म्हणाली.

हळूहळू गावालाही नाद लागला. संध्याकाळी चावडीवर नकाशा उलगडला की माणसं कंदिलाभोवती गोळा होत. इथे हटकरवाडी म्हणून वस्ती होती, असं तो सांगे, आणि कुणीतरी म्हातारा दचकून म्हणे, "व्हय की! माझी आजी सांगायची. फटकीनं सारी वाडी गेली." मग दुसऱ्या दिवशी सगळे मिळून त्या माळावर जात. तिथे खापरं सापडत, फुटक्या जात्याची तळी सापडे. ज्याला कुणी विचारत नव्हतं असला एखादा म्हातारा त्या दिवसापुरता गावात मोठा होई. सावळीरामला हे फार आवडे.

आणि मग ती टेकडी निघाली.

गावाच्या पश्चिमेला एक बोडकी टेकडी होती. तिला सगळे बोडकीच म्हणत. नकाशात मात्र केसांसारख्या बारीक रेघांनी ती उठवलेली, माथ्यावर मोजणीच्या खुणेचा लहानसा त्रिकोण, आणि शेजारी नाव: बया टेकरी.

"बया कोण?" त्याने चावडीवर विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. सावळीराम टेकडीवर जाऊन आला. माथ्यावर दगडांचा एक ढीग होता, मध्यम उंचीचा, नीट रचलेला. त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. रचलेले दगड म्हणजे बुरूज असेल. बुरूज म्हणजे गढी असेल. गढी म्हणजे पेंढाऱ्यांच्या धामधुमीचा काळ असेल. मग ही बया त्या गढीची कुणी शूर बाई असावी, गावासाठी लढली असावी. चावडीवर तो हे बोलून गेला. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याने 'असावी' म्हटलं होतं. पण गोष्ट गावात फिरायला निघाली तेव्हा ते 'असावी' चावडीच्या पायरीवरच राहिलं. चार दिवसांत बयाने पेंढाऱ्यांची मुंडकी छाटली होती, आठ दिवसांत ती घोड्यावर बसली होती.

पंधरवड्याने गावचे पाटील चिमाजी स्वतः शाळेत आले. पाटील म्हणजे अंगापिंडाने भरलेला, मोकळ्या आवाजाचा माणूस. यंदा त्यांना लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं.

"मास्तर, तुमी तर आमच्या घराचं सोनं उकरून काढलं!"

"म्हणजे?"

"आमच्या पणज्याच्या भावाची बायकू बयाबाईच व्हती म्हनं. आमची म्हतारी काल आठवून आठवून सांगत व्हती. आता टेकडीवर चौथरा बांधायचा. चैती पुनवंला पाषाण बसवायचा, बयाबाई पाटलीन म्हनून. तुमी चार शब्द बोलायचे. सरकारी नकाशात नाव हाय म्हनल्यावर कुनाची टाप हाय नाय म्हनायची?"

सावळीराम चाचरला. "पाटील, तो माझा नुसता अंदाज होता."

"अंदाज बरोबर निघाला म्हना की!" पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले.

त्याला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. तो मनातून फुलला होता. आजवर कुठल्याही गावात त्याच्या बोलण्यावरून एक वीटसुद्धा हललेली नव्हती.

चौथऱ्याचे दगड टेकडीच्या पायथ्याशी पडू लागले त्या सुमाराला एका दुपारी शाळा सुटल्यावर तो कुलूप लावत होता. पायरीखाली एक बाई बसलेली दिसली. काळीसावळी, हडकुळी, साठीच्या आतबाहेरची. गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली, भिलाटीतली लंकाबाई. मजुरीला कुणाच्याही शेतात जायची आणि एरवी दोन शेळ्या वळायची, एवढीच तिची ओळख.

"मास्तर, त्या कागदात बयाचं नाव हाय म्हनत्यात. खरं का?"

"खरं. का गं लंकाबाई?"

"मव्ही माय ती."

सावळीरामच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. तो पायरीवर बसला. ती खालीच बसून राहिली, आणि शेळीची किंमत सांगावी तितक्या सरळपणे सांगू लागली.

"मी आंगावर पीत व्हते तव्हा. मला कुठलं ठावं? आजीनं सांगितल्यालं सांगते. बोडकीवर मोजनीचा तंबू पडला व्हता. साहेब निफाडाला बंगल्यात ऱ्हायचा. वर एक म्हतारा मुनशी, दाढीवाला, मुसलमान, आन त्याचे खलाशी, सामान उचलनारे. दुर्बिनीत बघायचे आन कागदावर वढायचे. त्यास्नी पानी लागायचं. पानी खाली नदीला. माय घागरी वर न्यायची. मला खाली लिंबाला झोळी बांधून त्यात टाकायची."

"मग?"

"चैताचं ऊन. एक दिस वर गेली ती घागर उतरवून बसली. मंग आडवी झाली. मुनशीनं तोंडात पानी घातलं म्हनं, तिनंच आनल्यालं. पर ती उठली नाय." लंकाबाईने बोटाने मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. "गावात सांगावा धाडला. कुनी वर आलं नाय. भिलाटीतले बाप्ये सडकंच्या खडीला गेल्याले. मंग मुनशीनं आन खलाश्यांनी तिथंच मातीआड केली, वर धोंडे रचले. कोल्हं उकरंल म्हनून."

सावळीरामने मान वळवून टेकडीकडे पाहिलं. तो बुरूज!

"आजी मला घेऊन वर गेली तव्हा म्हतारा रडत बसला व्हता म्हनं. तिला म्हनला, 'बाई, ह्या टेकडीचं नाव इचारलं तर कुनी एक सांगंना. मी तुझ्या लेकीचं लिवतो. सरकारचा कागद हाय, कुनी पुसनार नाय.' आजी मरस्तवर इचारायची, लिवलं आसंल का गं त्यानं? का आपलं रडतं मानूस बघून बोलला? आमी कुनाला इचारनार? कागद कुनी बघितला व्हता?"

सावळीराम उठला, घाईघाईने कुलूप काढलं, आतून नकाशा आणून तिच्यासमोर पायरीवर पसरला. जागा दाखवली. लंकाबाई पुढे झाली. मग थांबली, दोन्ही हात लुगड्याला स्वच्छ पुसले, आणि तरीही कागदाला बोट न लावता, वरच्या वर धरून विचारलं, "हे?"

"हे. अक्षरं इंग्रजी आहेत, पण ब, या. आणि पुढं टेकरी. मुनशी टेकरीच म्हणत असणार."

ती बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. उलट तोंडातले उरलेसुरले दात दिसतील इतकी ती हसली. "लिवलं म्हना म्हताऱ्यानं!"

"लंकाबाई, मी उद्याच पाटलांना सांगतो. हा सगळा घोटाळा माझ्यामुळं झालाय."

तिचं हसू विरलं. "काय सांगता?"

"की बया त्यांची कुणी नव्हे. तुझी आई होती."

"नगा सांगू."

"अगं, पण हे खोटं चाललंय!"

"नाव खोटं हाय?"

"नाही. नाव खरं."

"टेकडी खोटी हाय?"

"नाही."

"मंग? कुसाबाई पाटलीन मव्ह्या मायम्होरं वटी घेऊन यायची हाय. गावच्या समद्या बाया यायच्या हायत. जिवंतपनी कुनी तिच्या सावलीला हुबं ऱ्हायलं नाय. मला ते डोळ्यांनी बघायचंय मास्तर. तुमी बोलला तर येतील का त्या?"

 शेळ्या पुढे गेल्या होत्या, त्यांना हाक घालत ती निघून गेली.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते सगुणालाच माहीत. तो जेवताना उठे, नदीकडे जाई, अर्ध्या वाटेवरून परत येई. वर्गात एकाच मुलाला एकच कविता तीनदा म्हणायला लावी. सारखं वाटे, आत्ता पाटलांकडे जावं आणि सांगून मोकळं व्हावं. दुसऱ्याच क्षणी लंकाबाईचा प्रश्न आठवे. शेवटी एका सकाळी त्याने टोपी चढवली आणि सगुणा दारात आडवी झाली. सगळी हकीकत तिला त्याने सांगितलेली होतीच.

"कुठं?"

"पाटलांकडे. सांगून टाकतो. होईल ते होईल."

"होईल ते काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे. पाटील वर सांगतील आणि आपली बदली होईल. पेठ तालुक्याच्या डोंगरात नाहीतर त्याहून लांब."

"म्हणून खोटं बोलू?"

"तुम्हाला खऱ्याची चाड आहे की पायांना खाज सुटलीय?" सगुणाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "दर गावात तुम्हाला निघायला काहीतरी कारण सापडतं. ह्या वेळी खरं बोलण्याचं सापडलंय. जिची आई आहे ती बोलू नका म्हणते. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

सावळीराम टोपी हातात घेऊन ओट्यावर बसला.  ती म्हणत होती ते खरं की खोटं, हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. पाटलांसमोर खडं बोलतोय, गाव तोडून उठतोय, बैलगाडीत सामान चढतंय, नवी वाट, नवं गाव, हे सगळं डोळ्यांसमोर आलं की त्याच्या छातीत हलकं वाटत होतं. आणि ते हलकेपण चांगलं नव्हतं, हे त्याला कळत होतं.

तेवढ्यात टेकडीकडून लोखंडाचा आवाज आला. ठण्ण. पुन्हा ठण्ण.

गवंडी कामाला लागले होते.

"दगड!" सावळीराम ताडकन उठला. "सगुणा, ते वरचे दगड काढतायत!"

तो अनवाणीच पळाला. वाट सोडून बांधावरून, काटेरी रानातून, टेकडीच्या सरळ अंगाने चढला. वर पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. पाटील छत्री धरून उभे होते आणि दोन गवंडी पहारीने ढिगाऱ्याचा वरचा दगड उचकटत होते. एक दगड आधीच बाजूला पडला होता. त्याच्या खालची जागा ओलसर काळी दिसत होती.

"हात लावू नका! बाजूला व्हा!" सावळीराम त्या ढिगाऱ्यावर अक्षरशः आडवा पडला.

"मास्तर, काय झालं?" पाटील चकित झाले. "जुने दगड पायाला घेतोय. फुकट कशाला घालवायचे?"

तोंडात ते वाक्य आलं होतं: ही माझ्या गोष्टीतली गढी नाही, ही एका बाईची माती आहे. आलं होतं आणि त्याने ते गिळलं. धापा टाकत तो उठून बसला.

"पाटील, इथं मोजणीची खूण आहे. नकाशात त्रिकोण काढलाय. खूण हलवली तर सरकारी गुन्हा होतो. निवडणुकीच्या तोंडावर तुमच्या मागे मामलेदार लागेल."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पाटलांनी गवंड्यांकडे पाहिलं, गवंड्यांनी पहार खाली ठेवली.

"मंग चौथरा कसा करायचा?"

"ह्या दगडांच्या भोवतीनं करा. आत हे तसेच राहू देत." सावळीरामने बाजूला पडलेला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि होता तिथे नीट बसवला. मग, आता थांबलो तर धीर जाईल असं वाटून, तो पुढे बोलला, "आणि पाषाणावर नुसतं 'बया' कोरायचं. पाटलीण नको."

"काहून?" चिमाजींच्या कपाळाला आठी पडली. "समदा खर्च आमचा आन नाव आर्धं?"

"सरकारच्या कागदात जेवढं आहे तेवढंच दगडावर. एक शब्द जास्त घातला आणि उद्या कुणी नकाशा मागवला तर? तुमच्याविरुद्ध उभा राहणारा माणूस टपलेलाच असणार."

पाटील मिशीवरून हात फिरवत राहिले. ते मूर्ख नव्हते. मास्तराच्या डोळ्यांत त्यांना काहीतरी दिसलं असावं, कारण ते सावकाश म्हणाले, "मास्तर, तुमाला काही दुसरं कळलंय का?"

सावळीरामने नजर काढून घेतली नाही. "कळलंय ते सगळं नकाशात आहे."

"बरं," पाटील म्हणाले. "आमाला नकाशाच पुरे हाय." आणि छत्री मिटून ते खाली उतरले.

चैती पुनवेला टेकडीवर सारं गाव लोटलं. सकाळीच ऊन तापलं होतं. चौथऱ्यावर शेंदूर लावलेला पाषाण, त्यावर दोनच अक्षरं. डफ वाजत होता, पोरांच्या हातात खारकांचे तुकडे होते. बायका हिरव्या चुड्यांनी, ठेवणीतल्या लुगड्यांनी डवरल्या होत्या. त्यांच्यात सगुणा होती. भिलाटीतली माणसं चौथऱ्याच्या खाली, उतारावरच्या खडकांपाशी उभी होती. तिथवर यायला त्यांना कुणी हरकत घेतली नव्हती, आणि त्याच्या वर या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"आता मास्तर आपल्याला बयाबाईचा इतिहास सांगतील," पाटलांनी हात वर केला. डफ थांबला.

सावळीराम पुढे आला.  खाली खडकांकडे पाहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी पाहिलं. लंकाबाई सर्वांच्या पुढे उभी होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि त्यांत विनवणीपेक्षा धाकच जास्त होता.

"ह्या टेकडीवर बया नावाची एक बाई होती," तो म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. "बया नावाची एक बाई होती. ती इथं कष्टली आणि इथंच गेली. सरकारच्या नकाशात तिचं नाव आहे. ते लिहिणाऱ्याने ते मनापासून लिहिलं. एवढंच मला पक्कं ठाऊक आहे."

तो मागे सरला. लोक पुढच्या शब्दांची वाट पाहत होते. पेंढारी कुठे गेले, घोडा कुठे गेला, अशी कुजबूज झाली. पाटील दातांतल्या दातांत पुटपुटले, "बस्स? एवढंच?" मग त्यांनीच डफवाल्याला खूण केली. वाजंत्री सुरू झाली आणि गर्दीतल्या एका आजोबांनी शेजारच्याला घोड्याची गोष्ट सांगायला घेतली.

सावळीरामला वाटलं, आता आपण इथून निघून जावं. टेकडी उतरावी, नदी ओलांडावी, चालत राहावं. सवयीने त्याने एक पाऊल उचललंही. पण बायकांची रांग सुरू झाली होती आणि तो तिथेच, पाषाणाच्या डाव्या अंगाला उभा राहिला.

पहिला मान पाटलिणीचा. कुसाबाई जरीच्या पदरात नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या. त्यांनी ओटी ठेवली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग गुडघे टेकले. दागिन्यांचा आवाज झाला. त्यांनी पदर सावरून डोकं खाली नेलं आणि कपाळ त्या जुन्या रचलेल्या दगडांना टेकवलं.

खाली खडकांपाशी लंकाबाई ताठ उभी होती. कुसाबाईंचं कपाळ टेकलं तसा तिचा उजवा हात आपोआप वर आला, वाकलेल्या सुनेच्या डोक्यावर थोरल्या बाईने ठेवावा तसा, बोटं सैल, तळवा खाली. क्षणभर तो तसाच हवेत राहिला.

मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तो पदराखाली घेतला.